बिया टाकल्या, पुढे काय?

'ओसाड जागेत पावसाच्या तोंडावर बिया टाका, बाकी निसर्ग बघेल' असं एकांनी लिहिलंय. मला ते पटत नाही.

न्यूयॉर्कचंच बघा. १९७३ साली तिथली रहिवासी लिझ ख्रिस्टी आणि तिच्या 'ग्रीन गरिलाज' या पडीक जागा हिरव्या करणाऱ्या गटातल्या मंडळींनी पडीक प्लॉटांच्या कुंपणांपलीकडे बियांचे गोळे फेकले, हे सगळे सांगतात. पण बॉवरी आणि हाउस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावर त्यांनी जे केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. तिथला कचरा हातांनी उपसला, चांगली माती आणून पसरली, कुंपण घातलं, भाजीचे वाफे केले. १९७४ मध्ये शहराने ती जागा त्यांना महिना १ डॉलर भाड्याने दिली. ती बाग आजही आहे, लिझच्याच नावाने.

आपल्याकडे पावसाळ्यात काहीही उगवतं हो. मार्च-एप्रिलमध्ये बादली घेऊन कोण जाणार, हे आधी ठरवा. आम्ही नाल्याकाठी लावलेल्या करंजांपैकी जगले ते फक्त समोरच्या चहावाल्या काकांच्या नजरेतले. रोज भांडी विसळलेलं पाणी ते तिथेच ओतायचे. म्हणून जागा निवडताना शेजारी कोण बसतं तेही बघा, आणि त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.