ईमेलवरचा डिप्लोमसीचा डाव मध्येच विरतो. पंच म्हणून काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांबलचक आहे, पण नीट मांडल्याशिवाय कळणार नाही.

कॉलेज सुटून आम्हाला सोळा वर्षं झाली. हॉस्टेलवर दर शनिवारी रात्री डिप्लोमसी हा बोर्डगेम चालायचा. पहिल्या महायुद्धाआधीच्या युरोपचा नकाशा, सात सत्ता (प्रत्येक खेळाडूकडे एक, आणि आम्ही त्याला त्याच नावाने हाक मारतो), एकूण ३४ ठाणी, १८ मिळाली की जिंकलात. फासे नाहीत, पत्ते नाहीत. सगळ्यांचे आदेश एकाच वेळी उघडायचे आणि त्याआधी जे काही करायचं ते बोलून करायचं. आता त्या सात जणांपैकी दोघं पुण्यात, एक नाशिकला, एक दुबईत, एक लंडनजवळ, एक न्यू जर्सीत आणि एक मेलबर्नला. मी आठवी, कोल्हापुरात. दोन वर्षांपूर्वी ठरलं की ईमेलवर खेळू आणि पंच मी होईन.

तीन डाव सुरू केले. तिन्ही खेळातल्या १९०४ सालापर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. चौथा आता शरद १९०३ मध्ये आहे आणि तोही घसरणीला लागलाय. हा डाव मला काहीही करून पूर्ण करायचा आहे. एरवी आम्ही सगळे वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरते उरलो होतो. या खेळामुळे परत एकमेकांना पानपानभर पत्रं लिहायला लागलो.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आदेश न येणं. या वसंतात इटलीचा मेल आलाच नाही. नियमाप्रमाणे त्याच्या सगळ्या सोंगट्या जागेवर थांबल्या. पण भोगलं ऑस्ट्रियाने. ग्रीसमध्ये त्याचं सैन्य होतं आणि आयोनियन समुद्रातलं इटलीचं आरमार त्याला सपोर्ट (स्वतः न हलता त्याचं बळ एकाने वाढवणं) देणार, असं दोघांचं पक्कं ठरलं होतं. तुर्कस्तानने बल्गेरियातून ग्रीसवर हल्ला केला, एजियन समुद्रातून स्वतःच्या आरमाराचा सपोर्ट घेऊन. सपोर्ट मिळाला असता तर दोनास दोन होऊन ग्रीस टिकलं असतं. नाही मिळाला, ग्रीस गेलं. ऑस्ट्रियावाल्याने मला लिहिलं, "मला कुणी फसवलं असतं तर चाललं असतं, तो खेळच आहे. पण इथे समोर कुणी नव्हतंच." यावर मला उत्तर सुचलं नाही.

मुदत संपल्यावर वाट बघावी का? मागच्या डावात मी बघत होते. परिणाम असा झाला की मुदत कुणीच पाळेना. रविवारचा निकाल बुधवारवर जाऊ लागला आणि ज्यांनी वेळेवर पाठवलं होतं त्यांचाच उत्साह गेला.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची. शरद १९०२ मध्ये ऑस्ट्रियाने बुडापेस्टहून रुमानियावर चाल केली, सर्बियातून सपोर्ट होता. रुमानियातल्या रशियन सैन्याने त्याच वेळी सर्बियावर हल्ला केला. मी धरलं की सपोर्ट कापला गेला (सपोर्ट देणाऱ्यावर हल्ला झाला की एरवी तो रद्द होतो), चाल फसली. निकाल पाठवून मोकळी झाले. दोन दिवसांनी लक्षात आलं की ज्या प्रांतावरच्या हल्ल्याला सपोर्ट दिलाय, त्याच प्रांतातून आलेल्या हल्ल्याने तो कापला जात नाही (सपोर्ट देणारी सोंगटीच उखडली गेली तर गोष्ट वेगळी). म्हणजे रशियाला रुमानिया सोडावं लागणार होतं. शरदाचा निकाल असल्यामुळे (ठाण्यांची मालकी शरदानंतरच ठरते) एक ठाणं इकडचं तिकडे झालं. मी निकाल दुरुस्त केला, पण तोवर रशिया तुर्कस्तानशी नवा तह करून बसला होता, जुन्या नकाशावर विसंबून. दुरुस्ती किती दिवसांपर्यंत करावी?

तिसरं, इंग्लंडवाल्याने मला पाठवायचे आदेश "रिप्लाय ऑल" दाबून सगळ्यांना पाठवले. मुदतीला दोन दिवस होते. मी त्याला आदेश बदलू दिले. फ्रान्स नाराज आहे. माझं चुकलं का?

वेबसाइटवर का खेळत नाही असं कुणीतरी विचारेलच. एकदा करून पाहिलं. तिथे सगळे दोन ओळींचे निरोप पाठवतात. मेलमध्ये माणसं लिहितात. मला तेच हवंय.

प्रतिसाद १

ताई, तुमची तळमळ पोचली. मी अकरा वर्षं ईमेलवर पंचाचं काम करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

न आलेल्या आदेशांवर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कच्चे आदेश. निकाल पाठवल्यापासून तीन दिवसांत प्रत्येकाने काहीतरी आदेश पाठवायचेच, मग ते कितीही अर्धवट असोत. मुदतीपर्यंत हवे तितके वेळा बदला, शेवटचा मेल खरा. माणूस ऐन वेळी अडकला तरी तुमच्या हातात काहीतरी असतं. तुमच्या इटलीने पहिल्या तीन दिवसांत "आयोनियनचं आरमार ग्रीसला सपोर्ट" एवढी एक ओळ पाठवली असती तर ऑस्ट्रिया वाचला असता.

आणि आदेश आला की लगेच पोच द्या, त्यात त्याचे आदेश पुन्हा लिहून. "मी पाठवला होता, स्पॅममध्ये गेला असेल" हा वाद तिथेच संपतो. पोच आली नाही म्हणजे आदेश पोचला नाही, हा नियम आधीच जाहीर करा.

दुसरं, टप्पे कमी करा. एका वर्षात वसंताच्या चाली, माघारी (उखडलेल्या सोंगट्या शेजारी सरकवणं), शरदाच्या चाली, पुन्हा माघारी आणि हिवाळ्यातली भरती (ठाण्यांप्रमाणे सोंगट्या वाढवणं-कमी करणं) असे पाच टप्पे होतात. प्रत्येकासाठी वेगळी मुदत ठेवलीत तर दहा वर्षांच्या डावाला पन्नास मुदती लागतात, एवढा दम कुणातच नसतो. तुमचे डाव १९०४ ला का थांबतात याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं. वसंताच्या माघारी सशर्त घ्या: "रुमानियातून हाकललं गेलो तर सेव्हास्तोपोल, ते भरलेलं असेल तर युक्रेन." शरदाच्या माघारी आणि भरती मिळून एकच छोटी मुदत ठेवा, तीन दिवसांची. वर्षाला तीन मुदती उरतात.

निकालातल्या चुकीबद्दल: ४८ तासांत कुणीही दाखवली तर दुरुस्ती, त्यानंतर चुकीचा निकालच खरा. आणि त्या ४८ तासांत कुणी तह करू नये असं नाही, पण निकाल कच्चा आहे हे माहीत असावं. हाताने निकाल लावत असाल तर जेडिपसारख्या प्रोग्रॅममध्ये तेच आदेश घालून ताडून पाहा. सर्बियासारखी चूक तो करत नाही.

रिप्लाय ऑलच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात. मुदतीपर्यंत आदेश बदलायचा हक्क सगळ्यांना आहे, त्यालाही. फ्रान्सला त्याचा इरादा फुकट कळला, हाच त्याचा पुरेसा दंड.

थोडं विषयांतर करतो. हा खेळ बनवणारे अ‍ॅलन कॅलहॅमर यांनी १९५९ मध्ये स्वतःच्या खर्चाने ५०० प्रती काढल्या होत्या, आणि पुढे ते इलिनॉयमध्ये पोस्टमन म्हणून नोकरी करत. १९६३ पासून जॉन बोर्डमन यांनी तो टपालाने खेळवायला सुरुवात केली. पत्रावर खेळणाऱ्यांची परंपरा साठ वर्षांहून जुनी आहे, तुम्ही काही जगावेगळं करत नाही.

प्रतिसाद २

मुदत कोणत्या वेळेची ठेवलीय? तुमच्या यादीत न्यू जर्सी आणि मेलबर्न दोन्ही आहेत म्हणून विचारतोय.

धागाकर्ती

रविवार रात्री ९, भारतीय वेळ. न्यू जर्सीवाला नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी चुकला होता. त्याच्याकडे साडेअकराची सवय होती आणि नेमकं त्याच दिवशी घड्याळ एक तास मागे गेलं. त्याने सव्वाअकराला पाठवलं, मुदत साडेदहालाच संपली होती.

प्रतिसाद २

वाटलंच. मेलबर्नला तर ते रात्रीचे दीड-अडीच होतात, सोमवार उजाडलेला असतो. रविवार संध्याकाळी साडेपाच करा. दुबईत चार, लंडनला बारा किंवा एक, न्यू जर्सीत सकाळचे सात किंवा आठ, मेलबर्नला रात्रीचे दहा किंवा अकरा. सगळे जागे असतात. आणि प्रत्येक निकालाच्या मेलमध्ये पुढची मुदत पाचही गावांच्या वेळेत लिहा. "भारतीय वेळ" एवढंच लिहू नका, हिशोब त्यांच्यावर टाकू नका.

प्रतिसाद ३

पहिल्या प्रतिसादाशी एका बाबतीत असहमत. कच्चे आदेश ठीक, पण एकदा चोवीस तासांची सवलत प्रत्येकाला द्यावी असं मला वाटतं. पूर्ण डावात एकदाच, मागितली तरच, आणि मुदतीच्या आधी मागितली तर. घरात आजारपण असतं, माणसं प्रवासात असतात. ही मित्रांची मंडळी आहे, स्पर्धा नव्हे. पण सलग दोनदा आदेश आले नाहीत तर राखीव खेळाडूला ती सत्ता देऊन टाकायची, इथे मात्र दयामाया नको. राखीव माणूस पहिल्या दिवसापासून निकालाच्या यादीत ठेवा, म्हणजे त्याला नकाशा माहीत असतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकी नेमकी उत्तरं मिळतील असं वाटलं नव्हतं.

काल रात्री सगळ्यांना मेल केला: कच्चे आदेश तीन दिवसांत, सशर्त माघारी, साडेपाचची मुदत, ४८ तासांची दुरुस्ती, एकदा सवलत. सहा जणांचा लगेच होकार आला. ऑस्ट्रियावाल्याने तर सर्बियाचे आदेश त्याच मेलच्या उत्तरात पाठवून दिले.

इटलीवाल्याशी आज फोनवर बोलले. त्याच्या वडिलांचं ऑपरेशन झालंय, त्याला दोन महिने जमणार नाही. सांगायचं कसं म्हणून गप्प राहिला होता. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी आम्ही सगळे त्याच्याशी व्हिडिओवर बोलणार आहोत, खेळ सोडून.

राखीव खेळाडू मात्र आमच्याकडे नाही. इथे कुणाला इटली घ्यायची असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. चार ठाणी आहेत, आयोनियनमध्ये एक आरमार आहे, आणि ऑस्ट्रिया अजूनही तुमच्या पत्राची वाट बघतोय. शरद १९०३ चे आदेश येत्या रविवारी, साडेपाचला.