गोधडीचे चौकोन जुळवायचे तर पाव इंची फूट घ्यायलाच हवा

इंदिरानगर (चर्चेचा धागा सुरू करणारी)
माझं मत आधीच सांगून टाकते. तुकडे जोडून गोधडी शिवायची असेल तर मशीनबरोबर आलेला साधा फूट, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा पाय, काढून ठेवा आणि उजव्या कडेला गाईडची पत्ती असलेला पाव इंची फूट घ्या. भारी कापड, भारी दोरा हे सगळं नंतर.

भाचीच्या बाळासाठी नऊ-चौकोनी ठोकळे शिवत होते. अडीच इंचाचे नऊ चौकोन, पाव इंच मार्जिन (टिपेपासून कडेपर्यंतचं कापड), म्हणजे ठोकळा साडेसहा इंच भरायला हवा. शेजारी साडेसहाचाच अख्खा चौकोन. माझे ठोकळे भरले सव्वासहा! पहिली ओळ ओढूनताणून बसवली, तिसऱ्या ओळीला कोपरे पार सुटले. चौदा ठोकळे उसवले. उसवताना सुती कापडाच्या कडा विरतात, तेव्हा जीव किती हळहळतो ते ज्याने उसवलंय त्यालाच कळेल.

मग बसून हिशोब केला. ठोकळ्याच्या रुंदीत टिपा दोनच. दोन टिपांत पाव इंच गेला, म्हणजे टिपेमागे एक सूत, इंचाचा आठवा भाग. टीप दोन्ही तुकड्यांतून खाते, म्हणजे माझं मार्जिन फक्त अर्धा सूत जास्त होतं. अर्धा सूत म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास. सुईखालच्या प्लेटवरच्या रेघेकडे बघत शिवताना एवढा फरक मला दिसलाच नाही. गाईडची पत्ती असती तर कापड तिला टेकलं असतं आणि चूक तिथेच थांबली असती.

सिडको, टेलरिंगचं दुकान
ताई, तुमचा हिशोब बरोबर, पण औषध मला पटलं नाही. तीस वर्षं सरळ टिपेच्या काळ्या मशीनवर बसतोय. सुईच्या उजवीकडे मशीनच्या पाट्यावर आटे पाडलेली दोन भोकं असतात, ती कशासाठी? कापडाचा गाईड स्क्रूने कसायला. तो एकदा लावला की हलत नाही. क्लिपने बसणाऱ्या फुटाला थोडी ढिलाई असतेच, बोट लावून हलवून बघा. त्याची पत्ती पातळ, जाड शिवणीवरून दोन-चारदा गेली की वाकते. मग ती पाव इंच दाखवत राहते आणि शिवते भलतंच.

आणखी एक गोष्ट फूट विकणारे सांगत नाहीत. झिगझॅग मशीनचे कापड पुढे सरकवणारे दाते लांब-लांब बसवलेले असतात. पाव इंची फूट अरुंद, तो उजव्या दात्यांवर पुरता बसत नाही. कापड एका बाजूने कमी धरलं जातं आणि टीप शेवटी शेवटी वाकडी जाते. साधा रुंद फूट दोन्हीकडे सारखा दाबतो. सुईपासून पाव इंच मोजून पाट्यावर जाड पट्टी चिकटवा, साधाच फूट ठेवा, काम होतं.

इंदिरानगर
काका, काळ्या मशीनवर तुमचं म्हणणं शंभर टक्के. तिथे सुई एकाच जागी, प्लेटला एकच बारीक भोक, दाते जवळजवळ. पण आमच्यासारख्यांच्या घरी आता झिगझॅगची मशीन आहेत, त्यातल्या बऱ्याच मशीनना ती स्क्रूची भोकंच नाहीत. चिकटवलेली पट्टी मी वापरली. बॉबिन बदलायला झाकण उघडलं की ती उचकटते, पुन्हा मोजून लावा. तीनदा लावली, तिन्ही वेळा वेगळी लागली.

गंगापूर रोड
मी पाव इंची फुटाच्याच बाजूची, पण गाईड नसलेला! पुढे-मागे पाव इंचाच्या खुणा असलेला साधा फूट घ्या. अर्धे त्रिकोण शिवताना दोन चौकोन एकावर एक ठेवून मधोमध तिरकी रेघ मारतो आणि रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंचावर टीप घालतो. तिथे टेकायला कडाच नसते. गाईडची पत्ती कापडावरच घासत जाते. शिवाय पत्तीमुळे कड दिसत नाही. कड वेडीवाकडी कापली असेल तर ती पत्ती वेडंवाकडंच शिवून देणार.

नाशिकरोड
वॉकिंग फूट का नाही कोणी सुचवत? वरचं-खालचं कापड बरोबरीने सरकतं.

गंगापूर रोड
तो वरचं कापड, मधला कापूस आणि अस्तर असे तीन थर झाल्यावर. तुकडे जोडायला फार रुंद, कडेचा अंदाजच येत नाही.

पंचवटी
मला हा सगळा खटाटोपच खटकतो. आमच्या आजीने जुन्या लुगड्यांच्या घड्या अंथरून कडेपासून धावदोरा घालत आत जात गोधड्या शिवल्या. थंडीत आजही त्याच पांघरतो. तिच्याकडे ना फूट ना मोजपट्टी. ठिगळ मोठं झालं तर दुमडायचं, लहान झालं तर शेजारी दुसरं. गोधडी मऊ आणि उबदार हवी, कोपरे कशाला मोजायचे?

इंदिरानगर
आजीच्या गोधडीसमोर मी हात जोडते. पण तिथे ठिगळ कापडावर बसतं, खाली आधार असतो. माझ्या ठोकळ्यांना खाली काहीच नाही, एक तुकडा दुसऱ्याच्या आधाराने उभा आहे. एक चुकला की शेजारचा ओढला जातो, मधे फुगवटा येतो आणि धुतल्यावर तो आणखी दिसतो. हौस म्हणून मोजत नाही हो.

येवला
मी पैठणीच्या उरलेल्या तुकड्यांची गोधडी करते आणि माझं मत तुम्हा सगळ्यांच्या विरुद्ध. रेशमाला पाव इंच मार्जिन देऊच नका. कड सुटते, दोन धुण्यांत टीप उघडी. मी तीन सूत ठेवते आणि तुकडेही त्याच हिशोबाने मोठे कापते. म्हणजे पाव इंची फूट माझ्या काहीच कामाचा नाही. आधी कापड बघा, मग मार्जिन, मग फूट. तुम्ही सगळे उलट्या क्रमाने निघालात.

सिडको, टेलरिंगचं दुकान
येवल्याच्या ताई अगदी बरोबर बोलल्या. इंदिरानगरच्या ताईंना एक परीक्षा देतो. दीड इंचाच्या तीन पट्ट्या कापा, लांबीला लांबी जोडा, इस्त्री न घासता वरून दाबा. मधली पट्टी बरोबर एक इंच भरली तर तुमचा फूट खरा. नाही भरली तर त्यावर पाव इंच छापलेलं असलं तरी उपयोग नाही.

इंदिरानगर
तीनदा करून बघितलं काका. नव्या गाईडवाल्या फुटाने मधली पट्टी इंचाला दोराभर कमी भरली. आधी फुटालाच दोष देणार होते, पण मार्जिन उलगडून मोजलं तर अचूक पाव. घट कुठे गेली ते मग कळलं. कापड टिपेवर दुमडतं, त्या घडीत आणि दोऱ्याच्या जाडीत ती जाते. म्हणजे पाव इंचाला दोराभर कमीच शिवायचं. सुई एक घर उजवीकडे, पत्तीच्या दिशेला सरकवली. सरकवण्याआधी फुटाचं भोक लांबट आहे ना ते बघितलं आणि चाक हाताने फिरवून सुई कुठे आपटत नाही याची खात्री केली. गोल भोकाचा फूट असेल तर हे करू नका, सुई मोडेल. आता मधली पट्टी बरोबर एक इंच.

म्हणजे नुसता फूट विकत घेऊन भागत नाही, एवढं तुमचं मान्य. पण पत्ती होती म्हणून तिन्ही चाचण्यांत माप सारखं आलं, आणि सारखं आलं म्हणूनच सुई किती सरकवायची ते कळलं. त्यामुळे नव्याने शिकणारीला मी अजूनही हाच फूट घ्यायला सांगणार. त्रिकोणांना बिनगाईडचा, हे गंगापूर रोडचं म्हणणं वहीत लिहून ठेवलंय.

सिडको, टेलरिंगचं दुकान
घ्या, पण घेताना फूट ज्यावर बसतो तो मशीनचा दांडा मोजा. फूट खाली सोडून प्लेटपासून स्क्रूपर्यंत साधारण पाऊण इंच भरला तर आखूड दांड्याचा फूट लागेल, सव्वा इंच भरला तर उंच. दुकानदार डोळे झाकून आखूडच देतो. आणि टीप नेहमी एखाद्या चिंधीवर सुरू करून मग तुकड्यावर न्या. झिगझॅगच्या प्लेटचं भोक रुंद असतं, पहिलाच कोपरा खाली ओढला जातो. तुमचे किती ठोकळे राहिलेत?

इंदिरानगर
अकरा. आजच चिंध्यांची पिशवी मशीनजवळ आणून ठेवली.