चर्चा: ड्राय-फायरसाठी डमी राउंड घरी बनवावेत की विकतचे स्नॅप कॅपच घ्यावेत?

शून्यरेषा (धागाकर्ता)

ड्राय-फायरमध्ये, म्हणजे रिकाम्या शस्त्राचा चाप ओढून करायच्या सरावात, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) काय ठेवायचं, यावर बरेच जण घरी बनवलेल्या डमी राउंडची, म्हणजे नकली काडतुसाची शिफारस करतात. मला ती पटत नाही. स्नॅप कॅप म्हणजे विकतचं सरावाचं नकली काडतूस. त्यात प्रायमरच्या (आघाताने पेटणाऱ्या तळाच्या टोपीच्या) जागी स्प्रिंग किंवा मऊ पॉलिमरची गादी असते आणि चाप ओढल्यावर आदळणाऱ्या फायरिंग पिनचा आघात ती झेलते. दुसरं म्हणजे त्याचा रंग. लाल किंवा निळं काडतूस खोलीच्या पलीकडूनही ओळखू येतं. पितळी केस (काडतुसाचं कवच) आणि तांबडी बुलेट असलेलं घरगुती डमी जिवंत राउंडसारखंच दिसतं. जी वस्तू ओळखायला हातात घेऊन निरखावी लागते, ती ड्राय-फायरच्या जागेत असूच नये.

पितळी

रंगाचा मुद्दा मान्य, पण त्यावर सोपा उपाय आहे. वापरलेल्या केसचा जुना प्रायमर काढून टाका. ९ मिमी असेल तर तळापासून साधारण ८ ते १० मिमीवर ३ मिमीचं आरपार भोक पाडा. त्याखाली तळाचं भरीव पितळ लागतं, फार वर गेलात तर बुलेटचा बूड आड येतो. भोकाची कड आतून-बाहेरून घासून घ्या, कारण राहिलेली धार चेंबरला ओरखडे पाडते. मग केस सायझिंग डायमधून (तिला पुन्हा मूळ मापात आणणाऱ्या साच्यातून) काढायची, प्रायमरच्या खळग्यात सिलिकॉन भरायचं, ते पूर्ण सुकलं की बुलेट बसवून क्रिम्प करायचा, म्हणजे केसचं तोंड बुलेटभोवती आवळायचं. एकूण लांबी २९.६९ मिमीच्या वर जाता कामा नये. भोकातून उजेड दिसला की राउंड रिकामा, यात शंकेला जागाच नाही.

मिळतं काय, तर खरं वजन. ९ मिमीचं जिवंत काडतूस साधारण १२ ग्रॅमचं असतं आणि अ‍ॅल्युमिनियमचं डमी त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतं. मॅगझिन बदलण्याचा आणि अडथळा (अडकलेला राउंड) काढण्याचा सराव हलक्या राउंडवर केला तर हाताला चुकीची सवय लागते.

दहा_पॉइंट_नऊ

तुम्ही दोघंही सेंटरफायरबद्दलच, म्हणजे तळाच्या मध्यभागी प्रायमर असलेल्या काडतुसांबद्दलच बोलताय. खरी गरज .२२ सारख्या रिमफायरला आहे, आणि तिथे घरी 'बनवणं' जवळपास शक्यच नाही.

.२२ मध्ये पिन केसच्या काठावर आदळते. चेंबर रिकामं असेल आणि पिनला रोध नसेल, तर ती थेट चेंबरच्या कडेवर बसते. तिथे खाच पडते, धातू आत दबतो आणि पुढे राउंड नीट बसेनासे होतात. काही शस्त्रांत पिन आधीच थांबते. रुगर १०/२२ चं माहितीपत्रक ड्राय-फायरला परवानगी देतं. त्याच कंपनीच्या मार्क मालिकेतल्या पिस्तुलात पिन रोखणारी छोटी आडवी खीळ असते. सफाईनंतर जोडताना ती राहून गेली तर चेंबरचं नुकसान ठरलेलं. म्हणून आधी आपल्या मॉडेलचं माहितीपत्रक वाचा.

बाजारातले .२२ चे अ‍ॅल्युमिनियम राउंड बहुतेक वेळा लोडिंग-अनलोडिंग तपासायचे डमी असतात, स्नॅप कॅप नव्हेत. त्यावर वारंवार पिन मारली की काठ चिरडला जातो.

भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात तो पिवळा प्लास्टिक प्लग इथे कामाला येतो. क्रमांक ४ ते ६ चा घ्या. अंग ५.७ मिमीच्या आसपास आणि काठ पातळ हवा. .२२ च्या रिमची (तळाच्या काठाची) जाडी जेमतेम १.०९ मिमी असते. प्लगचा काठ त्याहून जाड असेल तर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) बंद होत नाही. अशा वेळी जोर लावू नका, काठ तासा. प्रत्येक वेळी प्लग थोडा फिरवा आणि खुणा पूर्ण घेरभर झाल्या की फेकून द्या. एक्स्ट्रॅक्टर (केस चेंबरमधून बाहेर ओढणारं नख) तो ओढेलच असं नाही, म्हणून सफाईचा गज जवळ ठेवा.

शून्यरेषा

@पितळी, भोकातून उजेड दिसतो हे खरं, पण मॅगझिनच्या तोंडाशी कोणी भोक शोधत नाही. तिथे दिसते फक्त केसची पाठ आणि बुलेटचं टोक. शिवाय सिलिकॉन खळग्यातून निसटतं, मग पिनला आधार राहत नाही. त्यापेक्षा विकतची गादी बरी.

पितळी

निसटतं ते नुसतं वरून थापल्यामुळे. नळीचं तोंड खळग्यात दाबून सिलिकॉन फ्लॅश-होलमधून (खळग्यातून केसच्या आत जाणाऱ्या छोट्या भोकातून) पलीकडे जाऊ द्या. आत छोटी गाठ तयार होते आणि तीच ते धरून ठेवते. किमान २४ तास सुकू द्या, मग ब्लेडने केसच्या तळाशी समतल कापा. किंचितही वर राहिलं तर ते बोल्टच्या तोंडावर घासतं. गरम गोंद नको, तो कडक होतो आणि तडकतो. जुना प्रायमर तसाच ठेवणंही नको. त्यावर आधीच खड्डा असतो, पिन त्या खड्ड्यात जाते, गादी अशी मिळतच नाही.

आणि विकतची गादीही कायमची नसते. त्यात खड्डा पडून तो परत वर येईनासा झाला की तो स्नॅप कॅप संपला. प्लास्टिकच्या बाबतीत तर रिमचे तुकडे उडतात आणि उरलेला भाग चेंबरमध्ये अडकतो.

सफाईगज

घरगुती डमीतला सगळ्यात मोठा धोका अजून कोणी मांडला नाही, तो म्हणजे बुलेटची पकड.

तेच डमी पुन्हापुन्हा चेंबरमध्ये ढकललं की दोनपैकी एक होतं. बहुतेकदा बुलेट केसमध्ये मागे सरकते, लांबी घटते आणि राउंड रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) अडतो. प्रत्येक सरावाआधी कॅलिपरने मोजा. मूळ लांबीपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी भरलं की बाद. हे निदान दिसून येतं.

दुसरं विपरीत आहे. बुलेट जास्त लांब बसवली असेल आणि क्रिम्प सैल असेल, तर तिचं टोक रायफलिंगच्या (नळीतल्या पिळाच्या चऱ्यांच्या) सुरुवातीला चिकटतं. बाहेर काढताना केस निघते, बुलेट नळीतच राहते. घरात ड्राय-फायर चालू असेल तर गजाने ती काढता येते. पण रेंजवर जिवंत आणि डमी राउंड मिसळून सराव चालू असेल, तर पुढचा जिवंत राउंड त्या बुलेटमागे येतो. कधी तो चेंबरमध्ये पुरता बसत नाही, पण बुलेट थोडी पुढे सरकली असेल तर बसतो. तसा झाडला तर नळी फुटू शकते, हाताला इजा होऊ शकते. म्हणून मिश्र सरावात घरगुती डमी कधीही नको. तिथे एकसंध, एकाच तुकड्यातून घडवलेले राउंडच घ्या.

पितळी

@सफाईगज, हे मान्य. मिश्र सरावासाठी मी माझा आग्रह सोडतो. बुलेट इपॉक्सीने पक्की करता येते, पण ती खरंच धरली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. घरच्या अडथळा-सरावासाठी मात्र वजनाचा मुद्दा कायम. बनवल्यावर सुटी नळी हातात धरून राउंड तिच्यात सोडा. तो स्वतःच्या वजनाने पडला पाहिजे आणि उलटं करताच बाहेर आला पाहिजे.

दहा_पॉइंट_नऊ

मिश्र सरावात दोन्ही राउंड एकसारखे दिसले तरच नेमबाजाचं झटक्याच्या भीतीने दचकणं उघडं पडतं, असं सांगितलं जातं. तेही बरोबर नाही. मॅगझिन दुसऱ्याने भरावं, नेमबाजाने बघू नये, म्हणजे रंगाने फरक पडत नाही. चाप ओढल्यावर नळी खाली गेली की दोष उघड होतो. राउंड लाल होता की पितळी, हे त्या क्षणी नेमबाजाला माहीत नसतं.

शून्यरेषा

एक गोष्ट नव्याने येणाऱ्यांसाठी ठळक लिहितो. जिवंत काडतुसाची बुलेट उपसून, आतली स्फोटक दारू ओतून टाकून किंवा ते तेलात भिजवून 'डमी' करू नका. तेलाने प्रायमर मरेलच याची खात्री नसते, आणि एकटा प्रायमरसुद्धा बुलेट नळीत अडकवायला पुरतो. केस वापरलेलीच घ्या, प्रायमर काढलेलीच घ्या. डाय आणि सुटे भाग बाळगायला आपल्याकडच्या कायद्याची परवानगी आहे का, तेही आधी तपासा.

@पितळी, वजनासाठी पितळेचे भरीव, खराद करून घडवलेले डमीही मिळतात. बुलेट वेगळी नसल्याने सरकायचा प्रश्न येत नाही. त्यांवर तुमचा आक्षेप काय?

पितळी

आक्षेप एकच, त्यांच्यात बहुधा गादी नसते. चाप ओढायच्या सरावाला ते नकोत, फक्त मॅगझिन आणि अडथळ्यासाठी. एक्स्ट्रॅक्टर रिमवरून ओढताना बारीक कीस निघतो आणि त्याच्या नखाखाली साठतो, तो ब्रशने काढत राहा. नाहीतर राउंड सुटायला लागतात आणि दोष उगाच स्प्रिंगवर जातो.