मदत हवी आहे: लीड्स ते लिव्हरपूल, कालव्याकाठून सायकलने

नमस्कार मंडळी. आजारी लहान मुलांच्या एका संस्थेला निधी जमवण्यासाठी आम्ही चौघं इंग्लंडमधल्या लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या काठाने सायकलने जाणार आहोत. १२७ मैल, म्हणजे साधारण २०४ किलोमीटर, तीन दिवसांत. शेवटच्या संध्याकाळी लिव्हरपूलच्या मॅथ्यू स्ट्रीटवरच्या कॅव्हर्न क्लबात, बीटल्समुळे गाजलेल्या त्या तळघरात उतरून लाइव्ह बँड ऐकायचा. त्या संध्याकाळचा विचार करत करतच सराव चाललाय!

काठची वाट सगळीकडे सारखी नाही: कुठे पक्की, कुठे खडी, कुठे नुसतं गवत आणि चिखल. ३२ मिमीचे टायर पुरतील, की ४० चे घ्यावेत? बिंग्लीला पाच लॉक (बोटी वर-खाली नेणारे, दरवाजे असलेले पाण्याचे कप्पे) एकाला एक जोडून आहेत, तिथला चढ चांगलाच उभा आहे. सामान लादलेली सायकल चालवत नेता येते, की उतरून ढकलायची? फाउलरिजच्या बोगद्यात तर काठाला वाटच नाही, वरून वळसा घालावा लागतो. तिथून कुणी गेलंय का?

आणि लिव्हरपूलला पोचल्यावर क्लबाजवळ रात्री चार सायकली सुरक्षित कुठे ठेवता येतील? खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त काळजी मला याचीच आहे.