गाडीत पेट्रोलचा वास येतोय, मदत हवी आहे (अर्जंट)

घाटमाथा
नमस्कार. पंधरा दिवस झाले, गाडीत पेट्रोलचा वास येतोय. काचा खाली केल्या की कमी होतो, बंद केल्या की पुन्हा येतो. दोन गॅरेज झाली. पहिला म्हणाला लिकेज नाही. दुसरा म्हणाला, "पेट्रोलची गाडी आहे साहेब, पेट्रोलचाच वास येणार. अत्तराचा कुठून येईल?" शनिवारी आईला घेऊन पुण्याहून साताऱ्याला जायचंय. अनुभव असेल त्यांनी पटकन सांगा. 'सर्व्हिस सेंटरला दाखवा' हा सल्ला कृपया नको, तो मलाही सुचतो.

जुनी_गाडी
किती जुनी गाडी? सीएनजी आहे का? वास पुढे येतो की मागे? सुरू करताना की चालताना? टाकी भरल्यावर जास्त येतो का? डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय" म्हणून कसं चालेल?

घाटमाथा
२०१६ची हॅचबॅक. सीएनजी नाही. वास सगळीकडे येतो.

मूषकग्रस्त
उंदीर. डोळे झाकून सांगतो, उंदीर. मागच्या पावसाळ्यात आमच्या गाडीची इंजिनजवळची पेट्रोलची नळी कुरतडली होती. बॉनेट उघडा, बॅटरीच्या आसपास लेंड्या दिसतील. तंबाखूच्या पानांची पुरचुंडी बांधून ठेवा, आठवड्याला बदला.

जुनी_गाडी
@मूषकग्रस्त, प्रत्येक धाग्यावर तुमचा उंदीर असतोच. पण ही शक्यता तपासायला सोपी आहे. बॉनेटखाली गळत असेल तर वास काचेखालच्या जाळीतून एसीत शिरतो. बाहेरची हवा घ्यायचं बटण दाबल्यावर वास वाढला आणि आतलीच हवा फिरवल्यावर कमी झाला, तर पुढे शोधा. फरक पडला नाही तर मागे.

शुभदा_के
एका वाटीत कॉफी पावडर घेऊन रात्रभर सीटखाली ठेवा. आमच्या गाडीत दूध सांडलं होतं, तीन दिवसांत वास गेला.

घाटमाथा
ताई, कॉफी झाली, कापूर झाला. आता सकाळी डॅशबोर्डवर उदबत्ती लावतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

गॅरेजकाका
अहो, उदबत्ती आधी विझवा! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती पायाशी आणि सीटखाली साचून राहते. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही ती पेट घेऊ शकते, आणि तुम्ही तिच्याच खोलीत निखारा ठेवताय. सिगारेट, लायटर, उदबत्ती, सगळं बंद. कारण सापडेपर्यंत आईंना त्या गाडीत बसवू नका. एसटीने जा.

मळीचा_माणूस_इचलकरंजी
काकांना +१. दादा, देवाला नमस्कार गाडीबाहेरून करा.

ई_वीस_विरोधी
कोणी बोलतच नाहीये म्हणून बोलतो. २०१६ची गाडी म्हणजे आताच्या २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी (ई२०) बनलेलीच नाही. ई२०ला चालणारे भाग घालूनच गाड्या यायला लागल्या त्या एप्रिल २०२३ पासून. आधीच्या गाड्यांची रबरं फुगणार, चिरणार, वास येणार. आणि मायलेज पडतं ते वेगळंच.

मळीचा_माणूस_इचलकरंजी
झालं सुरू! इथेनॉलमुळे उसाची बिलं वेळेवर मिळायला लागली की शहरात पोटात दुखतं. माझी २०१४ची गाडी त्याच पेट्रोलवर फिरते. काय झालंय तिला?

ई_वीस_विरोधी
तुमची फिरते म्हणून सगळ्यांच्या फिरतील हा कुठला न्याय? लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलच्या दोन-तृतीयांश असते, हे कारखान्याचा केमिस्टसुद्धा सांगेल.

मळीचा_माणूस_इचलकरंजी
भावा, धागा वासाचा आहे.

विजेवर_स्वार
विका ती आणि इलेक्ट्रिक घ्या. आमच्या सोसायटीत चार्जिंग पॉइंट बसवताना कमिटीने आठ महिने घोळ घातला, पण आता... (त्यावर वेगळा धागा काढतो.)

गॅरेजकाका
धागाकर्ते, तीन गोष्टी सांगा. वास टाकी फुल्ल केल्यावर वाढतो का? मागे बसणाऱ्याला जास्त येतो का? आणि मागच्या दोनेक महिन्यांत गाडीचं काय काम केलंत? टायरपासून हॉर्नपर्यंत सगळं सांगा.

घाटमाथा
हो, आई मागे बसते, तिला जास्त येतो. मागच्या आठवड्यात शिरवळला फुल्ल केली आणि खंबाटकी चढताना तिला मळमळायला लागलं. आम्हाला वाटलं घाटामुळे. काम काहीच नाही. म्हणजे टाकीतली मोटर (पेट्रोलचा पंप) बदलली होती, गाडी स्टार्ट होत नव्हती म्हणून. पण ते वेगळं होतं, त्याला तीन आठवडे झाले आणि त्यानंतर गाडी झकास चालते.

जुनी_गाडी
😐

गॅरेजकाका
काहीच नाही म्हणे! ती मोटर मागच्या सीटच्या गादीखालून निघते. वर पत्र्याचं झाकण, त्याखाली टाकीचं तोंड, तिथे मोठी रबरी रिंग. पेट्रोलमध्ये भिजलेली जुनी रिंग फुगते, ती परत बसवली की खाचेत नीट बसत नाही, कुठेतरी चिमटते. टाकी अर्ध्यावर असली तर नुसती वाफ येते. फुल्ल असून चढ-वळण आलं की पेट्रोल वरपर्यंत उसळतं.
मोटारीच्या तोंडावरचा पाइपचा क्लिप अर्धवट बसला असेल तरी तसंच, आणि ते जास्त वाईट. त्या लाइनमध्ये तीन बारच्या आसपास प्रेशर असतं, टाकी अर्धी असली तरी फवारा उडेल.
स्वतः बघायचंच असेल तर गाडी मोकळ्यावर उभी करा, दारं उघडा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, मगच गादी उचला. झाकणाभोवतीची धूळ कोरडी असते. ओली आणि काळपट दिसली की झालं निदान. पुढचं काम मात्र ज्याने केलंय त्याच्याकडूनच, नवी रिंग टाकून करून घ्या.
आणि नोझल कट झाल्यावर राउंड फिगर करायला पेट्रोल भरू नका. टाकीची वाफ शोषायला कोळशाचा डबा असतो, त्यात पातळ पेट्रोल गेलं की तो कामातून जातो आणि मग वेगळाच वास सुरू.

ई_वीस_विरोधी
रिंग फुगते कशामुळे, हेही सांगा की काका.

गॅरेजकाका
फुगते. ई२० नव्हतं तेव्हाही फुगायची. हात आखडायला लागलेत माझे, झोपतो.

घाटमाथा
अपडेट. आज गादी उचलली. झाकणाभोवती बोटभर रुंदीचा ओला काळा पट्टा, बोट लावलं तर थेट पेट्रोल. ज्याने मोटर बदलली त्याला बोलावलं. रिंग एका जागी दुमडून बाहेर आलेली, तीही जुनीच. बिलात मात्र 'रिंग सेट' लावलेला! पहिल्यांदा म्हणाला "गरमीने झालं", मग गप्प बसला. नवी रिंग बसवली, क्लिप टक् आवाज येईपर्यंत दाबून घेतला, टाकी भरून कात्रजचा घाट मारून आलो. आता वास कार्पेटमधला उरलाय तेवढाच. दोन दिवस दारं उघडी ठेवून उन्हात लावतो. शनिवारी मात्र एसटीनेच गेलो, आई ऐकेना. काकांचे आभार.

शुभदा_के
कार्पेटला कॉफी ठेवा.

मूषकग्रस्त
अभिनंदन. तरी बॉनेट उघडून बघा एकदा.

निशांत_सिडको
आमच्या गाडीतपण सेम वास येतोय. प्लीज लवकर सांगा.

जुनी_गाडी
कोणती गाडी?