प्रतिसाद : जहाज खरंच बुडालं होतं
'द बोट दॅट रॉक्ड' या समुद्रातल्या जहाजावरून चालणाऱ्या विनापरवाना (पायरेट) रेडिओवरच्या सिनेमात शेवटी जहाज बुडतं ते अतीच वाटलं, असं या सिनेमावरच्या लेखात म्हटलंय. पण तसं खरंच घडलंय! फक्त सिनेमातल्यासारखं १९६७ साली नाही. रेडिओ कॅरोलाइन या खऱ्याखुऱ्या पायरेट रेडिओचं 'मी आमिगो' हे जहाज मार्च १९८० मध्ये वादळात नांगर तुटून थेम्सच्या मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर गेलं आणि बुडालं. लाइफबोटीने सगळ्यांना सुखरूप काढलं, त्यांचा पाळलेला कॅनरी पक्षीसुद्धा! जहाज तळाशी गेलं, तरी त्याचा प्रक्षेपणाचा उंच खांब, म्हणजे मास्ट, पुढे कितीतरी वर्षं पाण्याबाहेर ताठ उभा होता. मला तर सिनेमातल्या बुडण्यापेक्षा तो एकटा मास्टच जास्त हलवून जातो. उशीखाली ट्रान्झिस्टर दडवून ऐकणारी पोरंही सिनेमात फार जिवंत उतरली आहेत.