मदत हवी आहे: १.२ पेट्रोलला फिल्टर, सायलेन्सर आणि चिप लावून पॉवर खरंच वाढते का?

चौथा_गिअर

गाडी १.२ लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल, टर्बो नाही. कागदावर ६००० आरपीएमला ८५ बीएचपी आणि ४२०० आरपीएमला ११३ एनएम. ६० हजार किमी झालेत. तक्रार एकच: चार माणसं, सामान आणि एसी चालू असताना चढावर चौथ्यात गाडी दम टाकते.

मॉडिफिकेशनवाल्याने हे पॅकेज सुचवलंय: उघडा कोन फिल्टर, फ्री फ्लो सायलेन्सर, इरिडियम प्लग, ओबीडी पोर्टला (गाडीच्या तपासणीचं सॉकेट) खोचायची चिप आणि थ्रॉटल कंट्रोलर. एकूण १५ ते २० बीएचपी वाढतील आणि मायलेजही सुधारेल, असा त्याचा दावा.

यातलं खरंच काय चालतं? लावलंच तर फरक पडला की नाही हे स्वतः कसं मोजायचं? कृपया "मस्त आवाज येतो" छाप उत्तरं नकोत.

नटबोल्ट

आधी दाव्याचं गणित बघा. ८५ चे १०५ करायचे म्हणजे सुमारे २३ टक्के वाढ. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इंजेक्टर पेट्रोल हवं तेवढं टाकतील, पण हवा कुठून आणणार? टर्बो नसलेल्या इंजिनात हवा आत ढकलणारं काही नसतं, ती बाहेरच्या दाबाने येईल तेवढीच येते. म्हणजे २३ टक्के जास्त पॉवरसाठी साधारण तेवढीच जास्त हवा हवी. आता एकेक वस्तू घेऊ.

कोन फिल्टर: कंपनीचा फिल्टर स्वच्छ असेल तर पूर्ण थ्रॉटलला (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून) अख्ख्या इनटेकमध्ये दाब एक ते तीन किलोपास्कलच पडतो, बाहेरचा दाब शंभरच्या आसपास असताना. सगळा अडथळा जादूने काढला तरी हाती दोन-तीन टक्के. उलट कंपनीचं नळकांडं बहुतेक गाड्यांत हेडलाइटच्या मागून किंवा ग्रिलमागून थंड हवा घेतं, आणि उघडा कोन बॉनेटखालची गरम हवा ओढतो. हवा दर ३ अंश सेल्सियसला सुमारे १ टक्का विरळ होते. रेंगाळत्या ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली ३० अंश जास्त असणं काही विशेष नाही, म्हणजे ९ टक्के हवा गेली. शिवाय आत येणारी हवा गरम दिसली की ईसीयू (इंजिनचा संगणक) नॉकिंगच्या, म्हणजे मिश्रण अवेळी फुटण्याच्या, भीतीने इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. वाढतो तो सक्शनचा आवाज, आणि त्यालाच लोक पिकअप म्हणतात.

सायलेन्सर: फक्त मागचा डबा बदलून या इंजिनात एक-दोन बीएचपी, तेही ५००० च्या वर. पाइप नको इतका जाड घातला तर धुराचा वेग पडतो, एका सिलिंडरच्या धक्क्याने दुसऱ्याचा धूर ओढून निघण्याची क्रिया मंदावते, आणि तुम्हाला जिथे दम हवाय तिथेच, २०००-३००० ला, तो कमी होतो. "इंजिनाला बॅकप्रेशर लागतं" हे मात्र चूक. इंजिनाला ते कधीच नको असतं, त्याला वायूचा वेग हवा असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) काढायचा सल्ला कुणी दिला तर कानाआड करा. बहुतेक ठिकाणी ते बेकायदा आहे आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर पी०४२० हा बिघाडाचा कोड देऊन चेक इंजिनचा दिवा लावतो.

इरिडियम प्लग: ठिणगी पडली की मिश्रण जळतं. जुना प्लग धड असेल तर नव्याने जास्त जळत नाही. फायदा आयुष्याचा: साधा निकेल प्लग ३०-४० हजार किमी, इरिडियम १ लाखाच्या आसपास. बदलायचेच असतील तर इंजिन थंड असताना, मॅन्युअलमधल्याच हीट रेंजचे (प्लग उष्णता किती वेगाने सोडतो ते माप) घ्या. गॅप (ठिणगीची फट) वाढवायला इरिडियमच्या बारीक टोकावर हत्यार टेकवू नका, टोक तुटतं. घट्ट करताना टॉर्क रेंच वापरा, अ‍ॅल्युमिनियम हेडचे आटे एकदा गेले की काम वाढतं.

ओबीडी चिप: उघडून बघा. बहुतेकांत एक बारका मायक्रोकंट्रोलर आणि लुकलुकणारे दिवे असतात, डेटा लाइनच्या पिना सर्किटला जोडलेल्याही नसतात. "२०० किमी चालवल्यावर गाडी शिकते" ही सूचना एवढ्यासाठीच की तोवर परतीची मुदत संपते.

थ्रॉटल कंट्रोलर: अर्धं पेडल दाबल्यावर ईसीयूला तीन-चतुर्थांश दाबल्याचा सिग्नल जातो. पूर्ण दाबल्यावर दोन्ही सारखेच.

फिरकी

वर लिहिलंय त्याला दोन पुरवण्या.

तेल लावलेल्या कापसाच्या फिल्टरचं तेल एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि रीडिंग बिघडतं, हे खरं. पण बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत तो सेन्सर नसतोच, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणारं नळकांडं) दाबावरून हवा मोजतात. तिथे हा धोका नाही. एअरफ्लो सेन्सर असेल तर मात्र वेगळ्या व्यासाचा पाइप घालणं जास्त त्रासाचं. सेन्सरचं गणित मूळ व्यासावर बसवलेलं असतं. रीडिंग कमी येऊ लागलं की मिश्रण पातळ होतं, फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोल किती टक्के वाढवलं-घटवलं) वाढत जातो आणि शेवटी पी०१७१ हा पातळ मिश्रणाचा कोड.

थ्रॉटल कंट्रोलरला सरसकट निकामी म्हणणार नाही. ज्यांच्या गाडीचं पेडल सुरुवातीला मुद्दाम सुस्त ठेवलंय त्यांना चालवायला बरं वाटतं. पॉवर शून्य, हे मान्य.

आता मूळ तक्रारीकडे. गाडी भरलेली १४०० किलो धरू, चढ ८ टक्के, वेग ६०. नुसतं वर चढायला सुमारे २५ बीएचपी लागतात. टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध मिळून आणखी ६. गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा तोटा धरून इंजिनकडून ३५, त्यावर एसीचे ३ ते ५. म्हणजे ३८ ते ४०.

आता इंजिन काय देतं? बीएचपी म्हणजे एनएम गुणिले आरपीएम भागिले ७१२१. चौथ्यात ६० ला इंजिन २५०० च्या आसपास असेल, टॉर्क १०५ धरा. उत्तर ३७. लागतात ४०, आहेत ३७, म्हणून वेग पडतो. अ‍ॅक्सिलरेटर जमिनीला टेकवला तरी पडणारच. तेच इंजिन खालच्या गिअरमध्ये ४५०० वर न्या: ११२ गुणिले ४५०० भागिले ७१२१ म्हणजे ७१ बीएचपी. अख्ख्या पॅकेजने २५०० ला दोन बीएचपी मिळाले तरी नशीब, गिअर पाडल्याने ३४ मिळतात. या गाडीला ४५०० ने काहीही होत नाही, टॉर्कचा कळसच ४२०० ला आहे. तुमच्या गाडीत बिघाड नसेल तर उत्तर इथेच आहे.

तेलपाणी

"बिघाड नसेल तर" याला अधोरेखित करतो, कारण ६० हजारांवर तो असू शकतो. काही खोलायच्या आधी साधा ओबीडी स्कॅनर लावून हे बघा.

इंजिन बंद, चावी चालू असताना मॅनिफोल्ड प्रेशर म्हणजे बाहेरचा दाब. समजा ९८ किलोपास्कल आला. मग तिसऱ्यात पूर्ण थ्रॉटल देऊन ५५०० च्या आसपास तोच आकडा बघा. ९५ किंवा जास्त असेल तर फिल्टर आणि पाइप इंजिनाला अडवत नाहीत, नवा फिल्टर कुठल्याही कंपनीचा असो, काही देणार नाही. ८८-९० दिसला तर फिल्टर तुंबलाय, नळकांड्यात पालापाचोळा आहे किंवा थ्रॉटल पूर्ण उघडत नाही. कोन फिल्टरचा वाद मिटवायला ही एक चाचणी पुरते.

लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक-उणे १० च्या आत हवा. अधिक १५ वगैरे असेल तर व्हॅक्यूम गळती, तुंबलेले इंजेक्टर किंवा पेट्रोलचा दाब कमी.

कॉम्प्रेशन टेस्ट गरम इंजिनवर, सगळे प्लग काढून, इंजेक्शन आणि इग्निशन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून. नुसत्या आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी त्याचं कारण शोधा. थ्रॉटल न उघडता केलेली टेस्ट सगळीकडे कमी आकडा दाखवते आणि चांगल्या इंजिनवर संशय येतो. गॅरेजमध्ये हे फार वेळा होतं.

कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तुंबल्याचा संशय असेल तर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज लावा. २५०० आरपीएमला २० किलोपास्कलच्या वर गेला तर धूर अडतोय.

अडकलेला ब्रेक कॅलिपरही दम खातो. ब्रेक फारसे न वापरता दहा-पंधरा किमी चालवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकांच्या डिस्क आणि ड्रम मोजा. एकाच अ‍ॅक्सलवरची दोन चाकं एकमेकांशी ताडायची, पुढचं-मागचं नाही.

चौथा_गिअर

फिरकी, गणित पटलं. तेलपाणी, स्कॅनरचे आकडे आले: चावी चालू असताना ९६, ५४०० ला ९४. लाँग टर्म ट्रिम अधिक ३. म्हणजे फिल्टर बाद.

आधी-नंतरचं मोजमाप राहिलं. आणि घरातली दुसरी गाडी १.० टर्बो पेट्रोल आहे, तिच्या रीमॅपबद्दल पण सांगा.

नटबोल्ट

मोजमाप: शून्य ते शंभर विसरा, त्यात क्लच कसा सोडला हेच मोजलं जातं. तिसरा गिअर, २००० पासून पूर्ण थ्रॉटल, ५५०० पर्यंत किती सेकंद ते ओबीडी लॉगमधून काढा. सपाट, मोकळा, सुरक्षित रस्ता. जाताना तीन वेळा, येताना तीन वेळा, म्हणजे वारा आणि उतार वजा होतो. एसी बंद, तीच माणसं, तेवढंच पेट्रोल, टायरमध्ये तोच दाब, आणि इनटेक तापमान ५ अंशांच्या आत सारखं. एवढं पाळूनही दोन-तीन टक्क्यांचा फरक आपोआप येतो, तेव्हा त्याहून लहान वाढ या पद्धतीने दिसणार नाही. "दोन बीएचपी जाणवले" म्हणणाऱ्याला काय जाणवलं ते तोच जाणे.

डायनोवर (पॉवर मोजणारं यंत्र) जायचं तर आधीचं आणि नंतरचं रीडिंग त्याच दिवशी, त्याच यंत्रावर, त्याच करेक्शन फॅक्टरने (हवामानासाठीची दुरुस्ती). आधीचा आकडा कंपनीच्या कागदावरून आणि नंतरचा डायनोचा, असा कागद दाखवला तर तो तिथेच परत द्या.

फिरकी

टर्बोची गोष्ट निराळी, कारण तिथे हवा ढकलणारं यंत्र आहे आणि कंपनीने त्यात राखीव ठेवलेलं असतं. चांगल्या रीमॅपने १५ ते ३० टक्के टॉर्क खरोखर वाढतो, फिल्टर-सायलेन्सरला हातही न लावता. टर्बो नसलेल्या इंजिनात तेच काम ३ ते ५ टक्क्यांवर अडकतं. रीमॅप म्हणजे ईसीयूमधली बूस्ट, इग्निशन, इंधन आणि टॉर्क मर्यादेची कोष्टकं बदलणं (बूस्ट म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब). बाहेरून लावायचा टर्बो बॉक्स यातलं काही बदलत नाही. तो बूस्ट सेन्सरचा सिग्नल कमी करून ईसीयूला फसवतो. खरा दाब किती हे मग कुणालाच कळत नाही. रीमॅप आणि बॉक्स यांत मी बॉक्स कधीही सुचवणार नाही.

क्रम असा ठेवा. आधी मूळ अवस्थेत लॉग घ्या: बूस्ट, इनटेक तापमान, इग्निशन, नॉक रिटार्ड (नॉकिंगमुळे ठिणगी किती मागे गेली). आधीच नॉक रिटार्ड दिसत असेल तर रीमॅपचा विषय बंद, कारण शोधा. ट्यूनरकडून मूळ फाइलची प्रत आधी मागून घ्या. फाइल कुठल्या ऑक्टेनसाठी (पेट्रोलची नॉकिंग टाळण्याची क्षमता) बनवली ते लेखी हवं. ९५ ची फाइल असताना ९१ भरलं तर इग्निशन सतत मागे येईल, आणि पॉवर मूळपेक्षाही कमी पडू शकते.

पहिला बळी क्लच. चौथ्या-पाचव्यात २००० ते ३००० ला पूर्ण थ्रॉटल दिल्यावर आरपीएम चढतो पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. ड्राय क्लचच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सला टॉर्कची मर्यादा आणखी आखूड असते, ट्यूनरने ती ओलांडली की पुढचा खर्च तुमचा.

दुसरा धोका छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोंचा: कमी आरपीएमला जास्त बूस्ट दिल्यावर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. एका फटक्यात पिस्टनची रिंगलँड (रिंगांच्या खाचांमधली कड) तुटू शकते. म्हणून २००० च्या खाली वरच्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबू नका. ऑइल एपीआय एसपी दर्जाचं घाला, त्या दर्जात याचीच चाचणी आहे. १७०० लाच टॉर्कचा डोंगर उभा करणारी फाइल ग्राफवर छान दिसते, इंजिनाला महाग पडते. ट्यूनरला टॉर्क २२०० नंतर चढवायला सांगा.

वाढलेल्या बूस्टला प्लग एक पायरी थंड आणि गॅप ०.६-०.७ मिमीपर्यंत कमी करावा लागू शकतो, नाहीतर दाबात ठिणगी विझते आणि इंजिन झटके देतं. आणि हो, वॉरंटी असेल तर थांबा. मूळ फाइल परत टाकली तरी कितव्यांदा फ्लॅश झालं याची नोंद बऱ्याच ईसीयूंमध्ये उरते.

चौथा_गिअर

रीमॅप वॉरंटी संपल्यावरच बघेन. शेवटचा प्रश्न: १.२ ला टायर नाहीतरी बदलायचेत. आता १८५/६५ आर१५ आहेत. १६ इंची अलॉय घातले तर पिकअपवर परिणाम होईल?

तेलपाणी

होईल, आणि बहुधा उलटा. सध्याच्या टायरचा व्यास ६२१.५ मिमी. १९५/५५ आर१६ चा ६२०.९, म्हणजे गिअरिंग जवळपास तेच. १९५/६० आर१६ घातला तर ६४०.४, तीन टक्के जास्त. प्रत्येक गिअर तेवढा लांब होतो, चाकावरची ओढ तेवढीच कमी होते, स्पीडोमीटरही तेवढा मागे पडतो. दुकानदार "बसतो ना" म्हणून हाच देतात.

व्यास जुळला तरी वजन तपासा. स्वस्त कास्ट १६ इंची अलॉय मूळ १५ इंची स्टीलपेक्षाही जड निघू शकतो, आणि चाकाचं वजन कडेला असल्याने वेग घेताना ते जास्त भोवतं. विकत घ्यायच्या आधी रिम काट्यावर ठेवायला लावा. ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या भागाचं अंतर) मूळच्या ५ मिमीच्या आत, मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर योग्य मापाची रिंग, आणि अलॉयला चालतील अशाच टेपरचे (उतरत्या टोकाचे) नट. बसवल्यावर ५० ते १०० किमीने नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.

पिकअपच हवा असेल तर १५ वरच राहा आणि चांगल्या ग्रिपचे टायर घ्या. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर त्याच फेरीत बदला. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५ वर येतो, आणि भरलेली गाडी तो चढ उतरणारही आहे.